कपाशीची जनुकं 'जागी' करणारी बाटली

ऐरोली, घणसोली, कळवा या भागात राहणारे आणि गावाकडे कपाशी असणारे आम्ही खान्देशी लोक बरेच आहोत. हे त्यांच्यासाठी लिहितोय, कारण ही बाटली विकणाऱ्यानं मला गाठलं ते गावात नाही, इथे वाशीत.

जुलैमधल्या एका रविवारी तिथल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये शेतीचं शिबिर होतं. निरोप गाववाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला होता. बोलणारा माणूस तयारीचा होता. पडद्यावर कपाशीची पेशी, ऑक्झिन, जिबरेलिन ही झाडाची संप्रेरकं आणि जनुकांची नावं: एआरएफ, सॉर, जीएच-थ्री. म्हणाला, ही संप्रेरकाच्या हाकेला ओ देणारी जनुकं आहेत, तुमच्या झाडात ती झोपलेली आहेत, ही बाटली त्यांना जागं करते आणि पाते, म्हणजे फुलांच्या कळ्या, दुप्पट लागतात. मी बसल्या जागी मोबाईलवर ती नावं शोधली. सगळी खरी निघाली. माझा विश्वास बसला तो तिथेच.

लिटरला १८५० रुपये. सहा एकर, दोन फवारण्या, म्हणून बारा लिटर घेतलं. २२,२०० रुपये यूपीआयनं दिले आणि हातात कच्ची पावती आली.

दादाला ते पटलं नव्हतं. "पातेगळीला एनएए मारतो, झाड फार वाढलं तर मेपिक्वॅट मारतो. हे कोणतं, बाटलीवर का लिहिलेलं नाही?" असं त्यानं विचारलं होतं. मी म्हणालो, दादा, मी स्वतः ऐकून आलोय. थोरल्या भावानं धाकट्याचा शब्द राखला. ऑगस्टमध्ये पाते लागताना त्यानं फवारणी सुरू केली. चार एकर झाले आणि पाऊस आला, दोन एकर तसेच राहिले.

आठ-दहा दिवसांत त्या चार एकरांत नवी पानं अरुंद, लांबट, बोटांसारखी फुटायला लागली. शिरा उठून दिसायच्या, शेंडे वाकडे झाले, पाते सुकून गळाले. राहिलेले दोन एकर मात्र ठणठणीत. कृषी अधिकाऱ्यांनी बांधावरूनच सांगितलं की ही लक्षणं टू-फोर-डी या तणनाशकाची आहेत. दादा तणनाशकाचा पंप वेगळा ठेवतो, त्यामुळे पंपातून आलं म्हणायला जागा नव्हती.

माझी मामेबहीण ठाण्यात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिनं त्या पडद्यावरचा खरा भाग आणि खोटा भाग मला वेगळा करून दाखवला. जनुकं झोपलेली वगैरे नसतात. ऑक्झिनला ओ देणाऱ्या जनुकांवर काही प्रथिनांचा दाब असतो. ऑक्झिन आलं की पेशी ती प्रथिनं मोडून टाकते, जनुकं चालू करणारी एआरएफ प्रथिनं मोकळी होतात आणि काही मिनिटांत सॉर, जीएच-थ्रीसारखी जनुकं कामाला लागतात. यातल्या जीएच-थ्रीचं काम तर जास्तीचं ऑक्झिन बांधून ठेवण्याचं, म्हणजे झाड स्वतःच लगाम लावतं. रोप हे रोज, वेळ पाहून, जागा पाहून करत असतं. बोंडातला प्रत्येक धागा म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी. फूल उमलतं त्या सुमारास ती वाढू लागते आणि दोन-तीन आठवडे लांबत जाते, तेही ऑक्झिन, जिबरेलिन, इथिलीन यांच्या इशाऱ्यावर.

"मग बाटलीनं बिघडवलं काय?" मी विचारलं.

ती म्हणाली, "टू-फोर-डी हे ऑक्झिनचं सोंग घेतं. तीच जनुकं चालू करतं. पण झाडाला ते लवकर मोडता येत नाही, लगाम लागत नाही. कपाशी तर त्याला फारच नाजूक, वाऱ्यानं उडून आलेलं थोडंसंही तिला पुरतं."

हे ऐकून मला खूप वेळ बोलता आलं नाही. संप्रेरक जास्त म्हणजे वाढ जास्त, एवढाच हिशोब मी त्या हॉलमध्ये केला होता. एनएए हेही ऑक्झिनच आहे, पण ते लिटरमागे मिलिग्रॅमच्या मापानं देतात. मेपिक्वॅट तर जिबरेलिन तयार होऊच देत नाही, म्हणून झाड आटोक्यात राहतं.

बाटली मी आधी नीट पाहायला हवी होती. पीक वाढ नियंत्रक असेल तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी क्रमांक लागतो. जैव-उत्तेजक असेल तर ते २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली येतं. शिवाय घटक, प्रमाण, बॅच, उत्पादकाचा पत्ता. आमच्या बाटलीवर डीएनएचं चित्र होतं आणि 'सेंद्रिय' हा शब्द. पक्कं बिल नसेल तर पैसे देऊ नका, आणि फवारायच्या आधी दोन ओळींवर मारून दहा दिवस थांबा. दादा हेच म्हणत होता, मीच घाई केली.

विकणाऱ्याचा फोन बंद आहे. सायबर फसवणुकीच्या १९३० या फोन क्रमांकावर तक्रार नोंदवली. उरलेल्या आठ सीलबंद बाटल्या दादानं तालुक्याच्या गुणनियंत्रण निरीक्षकाकडे दिल्या, अहवाल यायचाय. ग्रुपवर ज्यांनी माझ्याबरोबर माल घेतला त्यातल्या तिघांनी अजून फवारलेलं नाही, त्यांना मी एकेकाला फोन करून थांबवलं. त्या शिबिरातून तुम्हीही बाटल्या आणल्या असतील तर सील फोडू नका, तशाच तुमच्या निरीक्षकाकडे द्या.