लाळग्रंथीतला मेलानोमा : पुण्यातली तपासणी आणि उपचार, कुठे गुण द्यावेत, कुठे कापावेत

कानापुढे किंवा जबड्याच्या कोपऱ्याशी वाढणारी गाठ दाखवायला पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयात गेलं, तर सोनोग्राफी, पेट-सीटी (साखर जास्त खेचणाऱ्या जागा दाखवणारं स्कॅन), चेहऱ्याची नस जपणारी शस्त्रक्रिया, इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारं औषध) हे सगळं शहरातच होतं. यंत्रं आणि सर्जन यांना पूर्ण गुण. गुण कापावे लागतात ते पॅथॉलॉजीच्या रिपोर्टसाठी. लाळग्रंथीतला मेलानोमा, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग, इतका विरळा आहे की पहिल्या रिपोर्टमध्ये त्याचं नावही नसणं सहज शक्य असतं.

सुरुवात सुईच्या तपासणीने होते. सोनोग्राफीत बघत २२ ते २५ गेजची सुई घातली तर नमुना बहुधा पुरेसा मिळतो. उरलेल्या नमुन्याचा सेल ब्लॉक (पेशी मेणात बसवून ठेवणं) करायला आधीच सांगावं, म्हणजे पुढच्या चाचण्यांना पेशी उरतात. मेलानोमात काळं रंगद्रव्य (मेलॅनिन) दिसेलच असं नाही. रंगहीन प्रकार लिम्फोमासारखा (लसिका पेशींच्या कर्करोगासारखा) किंवा साध्या कार्सिनोमासारखा दिसतो. नमुना कमी पडला तर कोअर बायोप्सी (जाड सुईने तुकडा काढणं) करावी. पॅरोटिडची (कानापुढच्या लाळग्रंथीची) गाठ थेट कापून तुकडा काढायला मात्र ठाम नकार द्यावा. त्यात पेशी आजूबाजूला पसरतात आणि चेहऱ्याच्या नसेला इजा होऊ शकते.

खरी गडबड इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून ओळखणाऱ्या चाचणीत होते. एस-१०० आणि सॉक्स-१० ही प्रथिनं पॉझिटिव्ह आले की इतर अवयवांत मेलानोमाकडे बोट जातं. लाळग्रंथीत तसं धरता येत नाही, कारण मायोएपिथेलियल, ॲडिनॉइड सिस्टिक, सिक्रीटरी या ग्रंथीच्याच ट्यूमरांतही हे दोन्ही पॉझिटिव्ह येऊ शकतात. म्हणून रिपोर्टमध्ये एचएमबी-४५ आणि मेलन-ए (मेलानोमाच्या खुणा) आहेत का, सायटोकेरॅटिन (कार्सिनोमाची खूण) निगेटिव्ह आहे का, हे बघावं. ‘पॅनेल अपुरं’ (चाचण्यांचा संच अपुरा) असा शेरा असेल तर उपचार सुरू करू नयेत. गाठीत रंगद्रव्य भरपूर असेल तर आणखी एक अडचण येते : चाचणीतला नेहमीचा रंग तपकिरी, मेलॅनिनही तपकिरी. अशा वेळी लाल क्रोमोजेन (रंग देणारं रसायन) वापरतात किंवा आधी मेलॅनिन ब्लीच करतात. प्रयोगशाळेला हे विचारण्यात काहीच गैर नाही.

नमुना दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रवात, ६ ते ७२ तास राहायला हवा. दुसऱ्या मतासाठी स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक परळच्या टाटा रुग्णालयात न्यायचे असतील तर उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवून जाऊ नये. मेण ५६ ते ६० अंशांना वितळतं.

निदान झालं की पुढचा प्रश्न : आजार ग्रंथीत सुरू झाला की बाहेरून आला? पॅरोटिडच्या आतच लसिका गाठी (लिम्फ नोड) असतात आणि डोक्याची कातडी, कपाळ, पापण्या, कान यांचा लसिकाप्रवाह तिथे येतो. त्यामुळे ग्रंथीतला मेलानोमा बहुतेक वेळा त्वचेतून आलेला असतो. केस बाजूला करून डोक्याची कातडी, कानामागची जागा, तळवे, नखांखालची जागा, नाक, तोंड आणि डोळे तपासलेच पाहिजेत. ही तपासणी फुकट आहे, आणि तीच राहून जाते. पूर्वी काढलेला तीळ, बरा झालेला डाग हेही सांगावं.

पेट-सीटी नेहमी कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंत काढतात. मेलानोमात ते डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत हवं, हे फॉर्मवर लिहून घ्यावं. मेंदूसाठी वेगळा एमआरआय लागतोच, कारण मेंदू स्वतःच इतकी साखर खेचतो की लहान डाग पेटमध्ये लपतात. ब्राफ व्ही६००ई (गाठीतल्या जनुकातला बदल) चाचणी आणि रक्तातलं एलडीएच (एक एन्झाइम) याच टप्प्यावर करून घ्यावं.

पूर्वी थेट शस्त्रक्रिया करत. आता काढता येणाऱ्या गाठींतही आधी औषध देण्याला आधार आहे. २०२३ च्या स्वॉग एस१८०१ अभ्यासात शस्त्रक्रियेआधी पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचे तीन डोस, दर तीन आठवड्यांनी २०० मिलिग्रॅम, दिल्यावर आजार उलटण्याचं प्रमाण कमी झालं. म्हणून तारीख ठरवण्याआधी ट्यूमर बोर्डात (वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीत) चर्चा झाली का, हे विचारावं. खर्चाचा विषय निघाला की २० मिलिग्रॅम निव्होलुमॅबचं, म्हणजे त्याच प्रकारच्या औषधाच्या कमी डोसचं नाव येतं. या कमी डोसचा टाटामधला अभ्यास डोक्या-मानेच्या स्क्वॅमस कर्करोगावरचा आहे, मेलानोमावरचा नाही.

शस्त्रक्रियेत नस चांगली चालत असेल आणि गाठीत अडकलेली नसेल तर ती जपतात. कानाची पाळी बधिर होणं, जेवताना गालावर घाम येणं हे नंतर होऊ शकतं, आणि ते आधीच सांगितलं गेलं पाहिजे. रेडिएशनने मानेत आजार उलटणं कमी होतं, आयुष्य वाढत नाही. हा फरक समजून घेऊनच होकार द्यावा.

इम्युनोथेरपीच्या प्रत्येक डोसआधी थायरॉइड, यकृत आणि किडनीची रक्ततपासणी हवी. नेहमीपेक्षा दिवसातून चार वेळा जास्त जुलाब, नवा खोकला किंवा दम लागला तर मेडिकलमधून गोळी आणू नये, त्याच दिवशी कर्करोग विभागाला फोन करावा. हा त्रास औषधानेच झालेला असू शकतो आणि मग त्याला स्टेरॉइड लागतात. डे-केअर निवडताना रात्री आणि रविवारी चालणारा फोन नंबर देतात का, हे आधी बघावं.