बोंगो घ्यावा की कोंगा?

तबला-ढोलकी काही न शिकलेल्या भाच्याने हाताने वाजवायला काहीतरी घ्यायचं ठरवलंय आणि गाडी इथेच अडलीय. दोन्ही वाद्यं मूळची क्यूबाची: बोंगो म्हणजे एकमेकांना जोडलेले दोन छोटे ढोल, कोंगा म्हणजे उंच, पिंपासारखा ढोल.

पैशांचा प्रश्न लगेच सुटतो. बोंगोची जोडी कोंगाच्या जोडीपेक्षा बरीच स्वस्त. एकच कोंगा घेऊनही शिकता येतं, पण स्टँड धरला की खर्च वाढतोच. बोंगो मांड्यांत धरून वाजतो, पिशवीत मावतो. लाकडी कोंगा तिसऱ्या मजल्यावर चढवून बघा, मग बोलू.

खरा फरक हातात आहे. बोंगोची पानं (ज्यावर हात पडतो ते ताणलेले पडदे) लहान, सुमारे सात आणि साडेआठ इंचांची, कडक ताणलेली, काम बोटांचं. मार्तियो हा त्याचा मूळ ठेका हळू लयीत लवकर बसतो, पण आवाज स्वच्छ निघायला वेळ लागतो आणि बोटं हुळहुळतात. कोंगात अख्खा तळवा लागतो: मधोमध खर्जातला बास, काठावर मोकळा घुमणारा ओपन, शिवाय चापटीसारखा तीक्ष्ण स्लॅप. स्लॅप महिनोन्‌महिने छळतो. मात्र ओपनचा भरदार आवाज पहिल्याच आठवड्यात खूश करतो.

चामड्याचं पान पावसाळ्यात दोन्हीकडे सैल पडतं. आपल्या हवेत सिंथेटिक पान बरं.

फ्लॅट लहान, बजेट कमी, गिटारवाल्या मित्रांसोबत बसायचंय, तर बोंगो. ऑर्केस्ट्रात किंवा साल्सा बँडमध्ये वाजवायचं असेल आणि शेजारी सोशिक असतील, तर कोंगा. कोंगावर शिकलेला हात जेंबे या आफ्रिकी ढोलावरही कामी येतो. भाच्याला मी बोंगोच सांगितला, तो भाड्याच्या खोलीत राहतो.