पावसात धावण्यासाठीचे हलके जाकीट : दोन महिन्यांच्या वापरानंतर

जूनच्या मध्यावर मी रंकाळ्याच्या काठी धावायला सुरुवात केली. एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे अशा ८ फेऱ्या, आठवड्यातून ३ दिवस, असा क्रम ठरवला. आणि कोल्हापूरचा पाऊस उघडण्याची वाट पाहिली तर हा क्रम मोडणार, हे ठाऊक असल्याने राजारामपुरीतील एका दुकानातून १,४०० रुपयांचे हे जाकीट घेतले. रिमझिम पावसात ते उत्तम काम देते : वजन जाणवत नाही, दोरी आवळली की टोपी वाऱ्याने मागे पडत नाही आणि पाठीवरची चमकती पट्टी पहाटेच्या अंधारात वाहनचालकांना दिसते.

मुसळधार पावसात मात्र २० मिनिटांत खांद्यांच्या शिवणींतून पाणी झिरपते, कारण शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली नाही. विक्रेत्याने ते ‘पूर्ण वॉटरप्रूफ’ असल्याचे सांगितले होते, ते खरे नव्हे. तरीही मी ते परत केले नाही. नेहमीच्या रेनकोटात घाम कोंडून माणूस आतूनच भिजतो, आणि हा त्रास मला अधिक वाटतो. आत सुती बनियन मात्र घालू नये. तो पाणी धरून जड होतो आणि काखेत घासतो.

बूट साधे जाळीचेच ठेवले आहेत, कारण वॉटरप्रूफ बुटांत घोट्यावरून शिरलेले पाणी सहज बाहेर पडत नाही. घरी आल्यावर आतले तळवे काढून बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि तासाभराने ते बदलावेत.