लायपोसक्शनच्या नावाखाली ‘वजन कमी’ विकतात, अ‍ॅडव्हान्स भरायच्या आधी हे वाचा

लायपोसक्शन, म्हणजे नळीने कातडीखालची चरबी ओढून काढायचं ऑपरेशन, करायचा विचार चालू असेल तर कुठेही पैसे भरायच्या आधी हे पूर्ण वाचा प्लीज, मोठं झालंय पण मुद्दाम काही गाळलं नाही. आधीच सांगते, ऑपरेशन वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. योग्य माणसावर, योग्य जागी आणि चांगल्या सर्जनने केलं तर छान रिझल्ट येतो, असे लोक मी स्वतः बघितलेत. माझा राग आहे तो या ऑपरेशनच्या नावावर जे भलतंच विकलं जातं त्याच्यावर.

मला काय विकलं ते ऐका. दोन बाळंतपणांनंतर पोट सुटलेलं, वजन पण बरंच वाढलेलं. क्लिनिकमध्ये गेले तर डॉक्टर भेटलेच नाहीत, एक काउन्सेलर मॅडम होत्या, ताई ताई करत खूप गोड बोलायच्या. त्यांनी माझ्या पोटाची वळी चिमटीत धरली आणि म्हणाल्या, "ताई हे सगळं फॅट आहे, पाच लिटर आरामात निघेल, म्हणजे पाच किलो टेबलावरच गेले बघा, पोट एकदम सपाट होतं आणि कातडी आपोआप आवळते." माझी शुगर बॉर्डरवर होती, तर म्हणे फॅट गेलं की शुगर पण खाली येते. आणि डिस्काउंट फक्त आज संध्याकाळपर्यंत. मी पैसे भरले आणि ऑपरेशन करून घेतलं.

हीच वाक्यं तुम्हालाही ऐकवतील म्हणून एकेक घेऊन सांगते.

पाच लिटर म्हणजे पाच किलो हे साफ खोटं आहे. चरबी ओढायच्या आधी त्या भागात भरपूर सलाईन सोडतात, त्यात बधीर करायला लिडोकेन आणि रक्त कमी जावं म्हणून अ‍ॅड्रेनलिन असतं. याला ट्युमेसंट पद्धत म्हणतात, १९८० च्या दशकात जेफ्री क्लाइन नावाच्या अमेरिकन स्किनच्या डॉक्टरांनी आणली आणि तेव्हापासून हे ऑपरेशन बरंच सुरक्षित झालं. पण मशीनच्या डब्यात जे येतं त्यात हे पाणी आणि थोडं रक्तही येतं. मला नंतर डबा दाखवला, वर पिवळा थर, खाली लालसर पाणी, आणि आकडा सांगितला तो तळापासून वरपर्यंतचा. त्यात लिटरभर चरबीचं वजन साधारण ९०० ग्रॅमच भरतं. म्हणजे काट्यावर फरक अगदी थोडा, आणि पहिले काही दिवस तर सुजेमुळे काटा वरच जातो, माझा गेला. आणखी एक, एका वेळी ५ लिटरच्या वर काढणं हे मोठ्या प्रमाणातलं लायपो धरतात, त्यात पेशंटला रात्रभर हॉस्पिटलमध्ये ठेवून लक्ष ठेवावं लागतं. जो "जास्त लिटर काढतो आणि संध्याकाळी घरी सोडतो" हे कौतुकाने सांगेल त्याच्याकडून लगेच उठून या.

पोट सपाट होणार ही त्याहून मोठी थाप. हे मला कळलं ते नंतर दुसऱ्या एका प्लास्टिक सर्जनकडे गेले तेव्हा. त्यांनी मला उताणं झोपवलं, कातडी आणि तिच्याखालची चरबी दोन बोटांत धरली आणि म्हणाले हे एवढंच लायपोने निघतं. मग मान उचलायला सांगितली, पोटाच्या मधोमध स्नायूंच्या फटीत त्यांची बोटं आत गेली, बाळंतपणात स्नायू बाजूला सरकतात त्याची ती फट. लायपोने ती बुजत नाही, शिवावी लागते. आणि आडवं झाल्यावरही पोट घुमटासारखं वरच राहत असेल तर बरीचशी चरबी आतड्यांच्या आजूबाजूला आत असते, तिथपर्यंत लायपोची नळी जातच नाही, जाऊन चालत पण नाही. ही तपासणी व्हायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत आणि पैसे घेणाऱ्यांनी ती केलीच नव्हती!

शुगरचं तर विचारूच नका. २००४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता, १५ लठ्ठ बायकांची लायपोने सरासरी ९-१० किलो चरबी काढली आणि अडीच-तीन महिन्यांनी तपासलं तर इन्सुलिन, बीपी, कोलेस्टेरॉल कशातच सुधारणा नाही. एवढं जुनं आणि माहीत असलेलं आहे हे, तरी पेशंटला सर्रास उलटं सांगतात.

कातडीचं म्हणाल तर तरुण, ताणलेली नसलेली कातडी थोडी आवळते, पण बाळंतपणात किंवा वजन उतरून सैल झालेली कातडी खालची चरबी गेल्यावर जास्तच लोंबते. स्ट्रेच मार्क आणि सेल्युलाइट (कातडीवरचे खळगे-उंचवटे) जसेच्या तसे राहतात. सैल कातडीला टमी टक लागतं, म्हणजे पोटाची जादा कातडी कापून काढणं, ते मोठं ऑपरेशन, त्याचा व्रण कायमचा, म्हणून विकताना त्याचं नाव काढत नाहीत.

आता जे सगळ्यात जास्त लागलं ते. ऑपरेशननंतर प्रेशर गारमेंट (पोट दाबून धरणारा घट्ट कपडा) घातलं, सूज होती, निळं काळं झालं होतं, ते सगळं नॉर्मलच असतं. महिन्याने विचारलं तर "सूज आहे ताई, धीर धरा". परत विचारलं, परत सूज. ही गोष्ट खरी आहे बरं का, अंतिम आकार दिसायला तीन ते सहा महिने लागतात, आणि खरी आहे म्हणूनच तिच्या आड लपता येतं. सहा महिने झाले आणि त्यांची भाषा एका दिवसात बदलली, आता म्हणे तुम्ही डाएट पाळलं नाही, व्यायाम केला नाही. वजन मी लिहून ठेवत होते, वाढलेलं नव्हतं. आणि लगेच पुढचं पॅकेज पुढे केलं, स्किन टाइटनिंगची सेशन्स, ज्या कातडीबद्दल आपोआप आवळते सांगितलं होतं तिच्यासाठीच! डाव्या बाजूला खड्डा पडलाय, उजवीकडे नाही, त्यावर "हाताने मसाज करा".

आणि कन्सेंट फॉर्म. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी कपडे बदलून बसवल्यावर पानांचा गठ्ठा पुढे केला, सह्या करा, ओटी तयार आहे. नंतर शांतपणे वाचला तर त्यात सगळं खरं लिहिलेलं, ही वजन कमी करायची उपचारपद्धती नाही, कातडी सैल राहू शकते, पृष्ठभाग उंचसखल होऊ शकतो, बधिरपणा राहू शकतो. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. तोंडी एक सांगायचं आणि कागदावर बरोबर उलट लिहून सही घ्यायची, याला मी फसवणूकच म्हणते. म्हणून फॉर्म पहिल्याच भेटीत मागा आणि घरी नेऊन वाचा, देत नसतील तर विषय संपला.

आधी-नंतरच्या फोटोंचं थोडक्यात सांगते. आधीच्यात अंग सैल सोडलेलं, वरून लाइट, पॅन्ट खाली. नंतरच्यात श्वास ओढलेला, हात वर, पॅन्टने पोट दाबलेलं. बेंबी नीट बघा, कधीकधी ती वेगळ्याच बाईची असते. आणि नंतरचा फोटो किती महिन्यांनी काढला ते विचारा, त्याच सर्जनने केलेली तुमच्यासारख्या अंगाची केस बघायला मागा.

सर्जनला स्वतः भेटल्याशिवाय काही ठरवू नका, त्यांचं शिक्षण प्लास्टिक सर्जरीचं आहे का ते मेडिकल कौन्सिलच्या रजिस्टरवर तपासा, भूल कोण देणार ते विचारा. "माझ्या पोटातलं काय जाणार नाही?" हा प्रश्न नक्की विचारा, उत्तर कसं देतात त्यावरून माणूस कळतो. आणि ज्यांचं होऊन गेलंय त्यांनी पोटरी दुखून सुजली, दम लागला, ताप आला किंवा पोट वाढत्या प्रमाणात दुखायला लागलं तर क्लिनिकच्या फोनची वाट न बघता सरळ मोठ्या हॉस्पिटलला जा, रक्ताची गुठळी किंवा आतड्याला इजा असू शकते.

फसलेले कोणी असाल तर भांडायच्या आधी केस पेपर, ऑपरेशन नोट, किती काढलं त्याची नोंद, सही केलेला फॉर्म आणि आधीचे फोटो हे सगळं लेखी मागून घ्या. मला बाकीचं मिळालंय, फोटो अजून दिलेले नाहीत, त्यासाठी दुसरं पत्र पाठवलंय आणि कौन्सिलकडे तक्रार टाकलीये.