मुई ने येथील भाड्याची स्कूटर आणि अडवून ठेवलेला पासपोर्ट

व्हिएतनाममधील मुई ने हे मूळचे कोळ्यांचे गाव हो ची मिन्ह सिटीपासून सुमारे 200 किलोमीटरवर, फान थिएत शहराला लागून आहे. 2023 मध्ये तिकडचा द्रुतगती मार्ग सुरू झाल्यापासून हा प्रवास बराच सोपा झाला आहे. मुंबईहून हो ची मिन्ह सिटीला थेट विमानही असल्याने गर्दीपासून दूर, समुद्राकाठी निवांत राहू इच्छिणाऱ्या मराठी प्रवाशांना हे ठिकाण सोयीचे वाटते. गाव खरोखरच शांत आणि सुंदर आहे. तरीही तिथे फिरण्यासाठी वाहन भाड्याने घेताना आमची जी फसवणूक झाली, ती इतर कोणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मुई नेची वस्ती समुद्राला समांतर जाणाऱ्या एकाच लांबलचक रस्त्यावर पसरलेली आहे. हॉटेले एका भागात, मासेमारी बंदर आणि तांबड्या वाळूच्या टेकड्या पुढे, आणि पांढऱ्या वाळूच्या टेकड्या तिथून आणखी सुमारे 25 किलोमीटरवर, अशी ही रचना आहे. साहजिकच प्रत्येकाला स्वतःचे वाहन हवेसे वाटते आणि थोड्या थोड्या अंतरावर भाड्याच्या स्कूटर उभ्या दिसतात.

आम्ही पती-पत्नी ज्या दुकानात गेलो, तिथे दिवसाचे भाडे दीड लाख डोंग, म्हणजे एका रुपयाला साधारण 300 डोंग या हिशेबाने 500 रुपये सांगण्यात आले. दुकानदार अतिशय गोड बोलत होता. भारतातून काढून नेलेला माझा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना त्याने नीट पाहिला, तो येथे पूर्णपणे चालतो असे ठामपणे सांगितले आणि तारण म्हणून पासपोर्ट मागितला. अनामत रक्कम रोख देण्याची तयारी आम्ही दाखवली, पण दुकानाचा तसा नियमच आहे, असे सांगून त्याने पासपोर्ट घेतला आणि टेबलाच्या खणात ठेवला.

संध्याकाळी स्कूटर परत केली तेव्हा तोच मनुष्य तिच्याकडे न पाहता थेट जमिनीवर बसला आणि पाय ठेवण्याच्या फळीखालच्या प्लॅस्टिकवर त्याने बोट ठेवले. तिथे वीतभर लांबीची चीर होती. मीही वाकून पाहिले. चिरेच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या, आत काळपट धूळ घट्ट बसली होती आणि शेजारच्या स्क्रूला खाऱ्या हवेचा गंज चढला होता. त्या दिवशी पडलेली चीर अशी दिसत नाही, हे कोणीही सांगेल. परंतु सकाळी उभ्याने पाहणाऱ्याच्या नजरेला ती जागा पडणेच शक्य नव्हते, आणि त्याला मात्र ती अंधुक उजेडातही क्षणात सापडली. त्याने 60 लाख डोंग, म्हणजे जवळपास 20,000 रुपये मागितले.

आम्ही पोलिसांना बोलावतो असे म्हटल्यावर त्याचा सूर पालटला. तुमचा परवाना या देशात ग्राह्य नाही, पोलीस आले तर दंड तुम्हालाच होईल, असे सकाळी त्याच परवान्याची खात्री देणारा मनुष्य आता शांतपणे सांगू लागला. दुर्दैवाने त्याचे हे दुसरे म्हणणे खरे आहे. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना रस्ते वाहतुकीविषयीच्या 1949 च्या जिनिव्हा करारानुसार दिला जातो, तर व्हिएतनाम 1968 च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला परवाना मानतो. त्यामुळे नेहमीच्या इंजिनाची स्कूटर चालवणारा भारतीय प्रवासी तिथे विनापरवाना ठरतो, आणि अपघात झाल्यास प्रवास विम्याचा दावाही फेटाळला जाऊ शकतो. या व्यवहाराची सारी ताकद याच दोन गोष्टींत आहे: खणात ठेवलेला पासपोर्ट आणि पोलिसांकडे जाण्याची प्रवाशाला वाटणारी धास्ती. चीर हे केवळ निमित्त असते. पासपोर्ट सोडून द्यावा म्हटले, तर वाणिज्य दूतावासातून तात्पुरते प्रवासपत्र आणि व्हिएतनाममधून बाहेर पडण्याचा व्हिसा, या दोन्हींसाठी परतीचे विमान चुकवावे लागते. हे दुकानदाराला पुरते ठाऊक असते.

अखेर आमच्या हॉटेलच्या स्वागतकक्षातील ताईंनी फोनवरून त्याच्याशी त्यांच्या भाषेत बराच वेळ वाद घातला आणि मागणी 25 लाख डोंगांवर आली. सव्वाआठ हजार रुपये देऊन आम्ही पासपोर्ट सोडवला. त्या ताईंचा या प्रकरणाशी काहीही संबंध नव्हता, तरी त्या आमच्यासाठी मनापासून भांडल्या. म्हणूनच या अनुभवावरून तिथल्या लोकांना सरसकट दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

हॉटेलने पासपोर्ट मागणे ही वेगळी बाब आहे, कारण मुक्कामी परदेशी पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणे हॉटेलला बंधनकारक असते. नोंद होताच तो परत मागून घ्यावा. वाहन देणाऱ्याला मात्र तो कधीही देऊ नये. 1967 च्या पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे, ती तारण ठेवण्याची वस्तू नाही. दुकानदार रोख अनामत घेण्यास तयार नसेल, तर तिथून निघून जावे.

खरे पाहता मुई ने पाहण्यासाठी स्कूटरची फारशी गरज नाही. घोट्याएवढ्या पाण्यातून अनवाणी चालत तांबडे-पांढरे कडे पाहायचा तो परीचा झरा मुख्य रस्त्यालगतच आहे, आणि गोल टोपलीसारख्या होड्यांचे बंदर टॅक्सीने सहज गाठता येते. टॅक्सीच्या मीटरवर शेवटची तीन शून्ये वगळलेली असतात, म्हणजे 85 याचा अर्थ 85,000 डोंग. पैसे देताना 20,000 आणि 5,00,000 च्या दोन्ही निळसर नोटा उजेडात नीट पाहून द्याव्यात. वाळूच्या टेकड्यांसाठी हॉटेलमार्फत चालकासह जीप ठरवावी आणि भाड्यात काय काय येते ते आधीच लिहून घ्यावे.

एखाद्याचा पासपोर्ट असाच अडकला असेल, तर त्याने लगेच हॉटेलला फोन लावावा, हो ची मिन्ह सिटीतील भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवावे आणि धमकावणी झाल्यास 113 या पोलिसांच्या क्रमांकाची मदत घ्यावी. पैसे देणे अटळच झाले, तर पासपोर्ट आधी हातात घ्यावा, पाने तपासावीत आणि मगच नोटा मोजाव्यात.