नागपूरच्या धंतोलीतील घरपोच फिजिओथेरपी सेवा : रुग्णालयातून परतलेल्या ज्येष्ठांसाठी कितपत उपयोगाची?

न्यूमोनिया, मोठे ऑपरेशन किंवा लांबलेला ताप यांमुळे काही दिवस रुग्णालयात पडून राहिलेल्या सत्तरीपुढच्या माणसाला घरी आणल्यावर पुढे काय करायचे, असा प्रश्न ज्या कुटुंबांना पडला आहे त्यांच्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे. माझ्या सासूबाईंचे वय ७८. न्यूमोनियामुळे त्या शहरातील एका खासगी रुग्णालयात दाखल होत्या. छाती साफ झाली, ऑक्सिजन निघाला, रिपोर्ट चांगले आले आणि डिस्चार्जच्या कागदावर ‘प्रकृती स्थिर’ असे लिहून मिळाले. प्रत्यक्षात, दाखल होण्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत प्रतापनगरातून भाजीची पिशवी घेऊन पायी येणाऱ्या आई घरी आल्या त्या व्हीलचेअरवर, आणि पलंगावरून उठायला त्यांना दोघांचा आधार लागत होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून आम्ही ही सेवा सुरू केली. आज आई घरात कोणाच्याही आधाराशिवाय वावरतात आणि जिन्याचा कठडा धरून खाली अंगणात जातात. त्यामुळे माझे मत अनुकूल आहे, मात्र काही गोष्टी खटकल्या, त्याही लिहिल्या पाहिजेत.

पहिल्या भेटीत आलेल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी व्यायामाला सुरुवात करण्याआधी मोजमाप केले, आणि माझ्या मते या सेवेचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. हाताची पकड त्यांनी एका लहान यंत्रावर किलोत मोजली. पोटरीचा घेर टेपने घेतला, पण त्याआधी घोट्याजवळ बोटाने दाबून सूज आहे का ते पाहिले, कारण सलाइनमुळे पायांवर सूज असेल तर स्नायू आटलेला असूनही पोटरी भरलेली दिसते. मग साध्या खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठून बसायला सांगितले. आशियातील तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार स्त्रियांची पकड १८ किलोपेक्षा किंवा पुरुषांची २८ किलोपेक्षा कमी भरली, अथवा पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर स्नायूंचा ऱ्हास, म्हणजे सार्कोपेनिया, झाला असावा असे धरून पुढचे उपाय सुरू करायचे असतात. आईंना एकदाही हात न टेकता उठता आले नाही. वहीत त्या रकान्यात शून्य लिहिले गेले आणि दर आठवड्याला त्याच खुर्चीवर, त्याच पद्धतीने पुन्हा मोजणी झाली. ‘आता जरा बरे वाटते’ या उत्तरावर समाधान मानणाऱ्या सेवा पुष्कळ असतील. इथे मात्र सुधारणा होते आहे की नाही हे घरातल्या कोणालाही वही उघडून पाहता येत होते.

हे बळ इतक्या थोड्या दिवसांत जाते कुठे, हा प्रश्न आम्ही त्यांना विचारला आणि त्यांनी घाई न करता समजावून सांगितले. सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी स्वयंसेवकांना १० दिवस केवळ अंथरुणात ठेवून केलेला एक अमेरिकी अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात पायांतील मांसल वस्तुमान सरासरी सुमारे एक किलोने घटले आणि गुडघा ताठ करण्याची ताकद जवळजवळ १५ टक्क्यांनी उतरली. त्या लोकांना कोणताही आजार नव्हता. आजारी माणसाच्या शरीरात संसर्गामुळे दाह वाढलेला असतो आणि स्नायूंतील प्रथिने झपाट्याने मोडतात. भूक मंदावते, आणि उतारवयात खाल्लेल्या प्रथिनांपासून नवा स्नायू घडण्याची क्षमताही कमी झालेली असते. त्यात सर्वाधिक झीज होते ती मांड्या, नितंब आणि पोटऱ्या यांची, म्हणजे उभे राहण्यासाठी जे स्नायू लागतात नेमकी त्यांचीच. अमेरिकेतच २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत, दाखल होण्यापूर्वी चालते-फिरते असलेले वृद्ध रुग्ण रुग्णालयातील ८३ टक्के वेळ अंथरुणात पडून असल्याचे आढळले होते. आमच्याकडील वॉर्डातही वेगळे चित्र नव्हते. हाताला सलाइन, लघवीची नळी, पलंगाचे वर केलेले कठडे आणि ‘पडतील, उठू देऊ नका’ ही दर पाळीला मिळणारी ताकीद. पडण्याची भीती खोटी नाही, हे मला मान्य आहे. पण गरज संपल्यावरही नळी तशीच ठेवली जाते तेव्हा माणूस तिच्यामुळे पलंगाला बांधला जातो, आणि याचा हिशेब डिस्चार्जच्या कागदावर कुठेच येत नाही.

व्यायामाची पद्धत मला विशेष आवडली. पहिल्या दिवशी ताईंनी खुर्चीवर दोन घट्ट उशा ठेवून बैठक उंच केली, आईंची पावले गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यायला लावली आणि म्हणाल्या, “आजी, आधी पुढे वाका, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येऊ द्या, मग उठा.” आई म्हणाल्या, “माझ्यानं होत नाही.” मी हात द्यायला पुढे झाले तेव्हा त्यांनी मला खुणेने थांबवले आणि स्वतः आईंच्या कमरेच्या पट्ट्याला फक्त दोन बोटे लावून उभ्या राहिल्या. मांडीचा स्नायू थरथरताना साडीवरूनही दिसत होता, पण आई उठल्या. पुढे एक उशी निघाली, मग दुसरी, आणि शेवटी हातांचा टेकाही सुटला. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलणे, घोट्याला वाळूची पट्टी बांधून बसल्या बसल्या गुडघा सरळ करणे, एका पायरीवर चढणे-उतरणे, हे सारे त्याच चढत्या क्रमाने झाले. एखादा प्रकार सहज जमू लागला की वजन किंवा फेऱ्या वाढत. स्नायूला आव्हान दिल्याशिवाय तो वाढत नाही, आणि नुसते हातपाय हलवून घेणाऱ्या व्यायामातून ताकद येत नाही, ही गोष्ट इथे काटेकोरपणे पाळली गेली. वॉकरची उंचीही त्यांनीच मनगटाच्या रेषेशी जुळवून दिली. दुकानदाराने तो तसाच दिला होता आणि त्यामुळे आई वाकून चालत होत्या.

आता खटकलेल्या गोष्टी. बुकिंग करताना कार्यालयातून ‘करंट’ आणि शेकाच्या यंत्रांचे पॅकेज आग्रहाने सुचवले गेले. दुखण्यावर त्या यंत्रांचा उपयोग असेल, पण आईंना दुखत काहीच नव्हते. ताकद गेली होती. घरी आलेल्या ताईंनीच स्पष्ट सांगितले की यंत्राची गरज नाही, आणि आम्ही ते पॅकेज रद्द केले. बुकिंग करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. मधल्या काळात ताई रजेवर असताना दुसरी व्यक्ती पाठवली गेली. तिने वही न पाहता पाय दाबून दिले आणि ती निघून गेली. चौकशी केल्यावर ती मदतनीस असल्याचे कळले. फिजिओथेरपिस्टकडे राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी असते, त्यामुळे बदली व्यक्ती येणार असेल तर तिची नोंदणी विचारण्यात संकोच करू नये. वेळेची अडचणही आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा नागपुरात दुपारी कोणाही वृद्धाकडून व्यायाम करून घेणे योग्य नाही, आणि सकाळच्या वेळा आधीच भरलेल्या असतात.

आहाराबाबत सेवा फारच तोकडी पडली. सर्वांना दिला जाणारा एक छापील कागद हाती ठेवला गेला, त्यावर अंडी आणि चिकन होते. आमचे घर शाकाहारी. रुग्णालयापासून आईंचे खाणे म्हणजे मुगाची पातळ खिचडी, पेज आणि चहा-बिस्किटे, कारण आजाऱ्याला हलके द्यायचे हा आपल्याकडचा पक्का समज. वास्तविक आजारातून उठणाऱ्या ज्येष्ठांना दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात असे तज्ज्ञगट सांगतात. म्हणजे ५० किलोच्या व्यक्तीला ६० ते ७५ ग्रॅम, आणि पेजेवर हा आकडा कधीच गाठला जात नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. आम्ही रुग्णालयातील आहारतज्ज्ञांना वेगळे भेटून तिन्ही वेळच्या जेवणात घट्ट वरण, दही, दूध आणि पनीर विभागून घेतले, शिवाय सत्तूचे पीठ सुरू केले. व्यायाम आणि प्रथिने या दोन्ही गोष्टी एकत्र नसतील तर मेहनतीचे पूर्ण फळ मिळत नाही, त्यामुळे इतकी चांगली व्यायामसेवा देणाऱ्यांनी आहारतज्ज्ञ जोडून घेणे अत्यंत आवश्यक आहे.

माझी सर्वांत मोठी अपेक्षा मात्र वेगळी आहे. ही सेवा डिस्चार्जनंतरच सुरू होते आणि तोवर बरेच नुकसान होऊन गेलेले असते. स्पेनमधील पाम्प्लोना येथील रुग्णालयात ७५ वर्षांपुढच्या ३७० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या रुग्णांचे सरासरी वय ८७ होते. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटाची दैनंदिन कामे स्वतः करण्याची क्षमता, १०० गुणांच्या मापनपट्टीवर, दाखल होतानाच्या तुलनेत डिस्चार्जपर्यंत ५ गुणांनी घसरली. ज्यांच्याकडून रुग्णालयातच दिवसातून दोनदा देखरेखीखाली व्यायाम करून घेतला गेला त्यांची घसरण तर टळलीच, उलट सुमारे २ गुणांची वाढ झाली. धंतोली आणि रामदासपेठ या भागांत रुग्णालये एकमेकांना खेटून उभी आहेत, आणि या सेवेचे कार्यालयही तिथेच आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या परवानगीने वॉर्डात येऊन रुग्णाला खुर्चीत बसवणे आणि चार पावले चालवणे त्यांना अशक्य नाही. मी तशी लेखी सूचना कार्यालयात दिली आहे. ज्यांचे ज्येष्ठ अजून दाखल आहेत त्यांनी डिस्चार्जची वाट न पाहता ‘आज यांना पलंगावरून उतरवता येईल का, नळी काढता येईल का’ हे राउंडवर आलेल्या डॉक्टरांना रोज विचारावे.

दर भेटीला सुमारे सहाशे रुपये पडतात, आणि महिनाभराची रक्कम आगाऊ भरल्यास थोडी सवलत मिळते. पण पहिल्या काही भेटींचे पैसे दर भेटीला वेगळे देऊन मगच पॅकेज ठरवावे असे मी सुचवेन. हा खर्च न झेपणाऱ्यांसाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही, म्हणजे आपल्या मेडिकलमध्ये, फिजिओथेरपीचे केंद्र आहे. तिथे रुग्णाला न्यावे लागते, एवढाच फरक. आरोग्य विम्यात डिस्चार्जनंतरचा खर्च किती दिवसांपर्यंत धरला आहे ते पॉलिसीत पाहावे. त्यासाठी डॉक्टरांची लेखी चिठ्ठी आणि प्रत्येक भेटीची सही-शिक्क्याची पावती जपून ठेवावी. या सेवेकडून पावती मिळते, पण मागितल्यावरच.