खजूरी बाजारातलं चित्रपुस्तकांचं दुकान

इंदूरात मराठी चित्रपुस्तकं हवी असली की पुण्याहून येणाऱ्या पाहुण्याला सांगायचं, नाहीतर कुरिअरचे पैसे भरायचे. खजूरी बाजारातल्या आतल्या गल्लीत, शालेय पुस्तकांच्या दुकानांच्या रांगेत, खास लहान मुलांच्या पुस्तकांचं दुकान निघालंय म्हटल्यावर नातवाला घेऊन लगेच गेले.

इथे पुस्तकं दाटीवाटीने उभी खोचलेली नाहीत. मुखपृष्ठं समोर, आणि फळ्या चार वर्षांच्या मुलाचा हात पोचेल इतक्या खाली. जमिनीवर सतरंजी. पुस्तकाला हात लावला म्हणून कोणी ओरडत नाही. बालवाडीत शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे याचं मोल मला ठाऊक आहे. ज्याला वाचता येत नाही ते मूल चित्र पाहूनच निवडणार ना!

मोठ्यांची तऱ्हा वेगळी. एक वडील पुस्तक उलटं करून आधी किंमत बघत, मग पानं मोजत. "३२ पानं, त्यात चार-चार ओळी! घरी पोचेपर्यंत संपेल." दुकानातल्या ताईंनी समजावलं, की छपाईचा फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदाची घडी, १६ पानांचा, दोन फर्म्यांत ३२ पानं, म्हणून पुष्कळशी चित्रपुस्तकं तेवढीच असतात. आणि संपायचं म्हणाल, तर मूल तेच पुस्तक महिनाभर रोज रात्री काढतं. अगदी खरं.

नातवाने उचललं ते पावसातल्या भाजीबाजाराचं. मजकुरात फक्त आजी, छत्री आणि भाजीवाला. पण हातगाडीखाली एक पिवळं कुत्रं बसलंय, पंजाखाली निळी चप्पल दाबून. मी वाचतेय आणि हा पान उलटू देईना. "थांब ना आजी, चप्पल कुणाची?" पुढच्या पानावर भाजीवाला एकाच पायात चप्पल घालून उभा! माझे डोळे ओळींवर, त्याचे चित्रावर. २००५ साली कॅनडातल्या संशोधकांनी नजर टिपणारं यंत्र लावून हेच पाहिलं होतं: गोष्ट वाचून दाखवताना लहान मुलं अक्षरांकडे जवळपास बघतच नाहीत.

ज्योत्स्ना, प्रथम या प्रकाशनांची पुस्तकं, तूलिका प्रकाशनाची द्वैभाषिक, भोपाळच्या एकलव्य प्रकाशनाची हिंदी, असं सगळं मिळतं. घरी मराठी, गल्लीत हिंदी बोलणाऱ्या आपल्या मुलांना दोन्ही हवंच.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. दारातच बटण दाबलं की वाजणारी पुस्तकं मांडलीत. मुलं बटणच दाबत बसतात, पान बघत नाहीत. ती मागे न्यावीत. आणि अगदी तान्ह्यांसाठीची जाड पुठ्ठ्याची पुस्तकं मराठीत एकही नव्हती. ताईंना सांगून आलेय.

शनिवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, दुपारी जावं. गाडी गल्लीत नेऊ नका, राजवाड्यापाशी उतरून चालत जा.